सात बुधवारांची दाढी

“फुकट म्हंजी नेमकं काय देता? देशी का इंग्लिश?”

व्हॅनच्या खिडकीतून डोकं आत घालून एका पटकेवाल्या आजोबांनी मला हे विचारलं, तेव्हा मला नोकरीला लागून तेवीस दिवस झाले होते. आंबळवाडीत आमची व्हॅन उभी राहिली तो पहिला बुधवार. व्हॅनवर मी स्वतः उभा राहून रंगवून घेतलेला फलक होता, ‘दारू व इतर व्यसनांवर मोफत उपचार, आपल्या गावात’. आजोबांना चष्म्याशिवाय त्यातले दोनच शब्द दिसले होते.

“आजोबा, दारू सोडायचं औषध देतो आम्ही.”

“हात्तिच्या!” आजोबांनी डोकं बाहेर काढलं आणि मागे रांग धरून उभ्या असलेल्या चौघांना हातानंच सांगितलं, चला रं, काय न्हाय इथं.

याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, समाजकार्याची पदवी ताजी होती आणि आपण गेलो की गाव सुधारणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तालुक्याला आमच्या संस्थेचा दहा खाटांचा वॉर्ड होता. डॉक्टर निर्मला कुलथे तो चालवत. बाईंचं म्हणणं असं, की खेड्यातला माणूस दारूसाठी तालुक्याला येतो, दारू सोडायला येत नाही, तर आपणच जाऊ. बुधवार हा आंबळवाडीच्या बाजाराचा दिवस. जागा निवडायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, आणि मी गावातली सगळ्यात झकास जागा निवडली होती: एसटी थांबा, पार, ग्रामपंचायत आणि बाजार यांच्या बरोबर मध्ये, लिंबाच्या सावलीत.

पहिल्या बुधवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या बुधवारी एक शेळी आली, फलकाचा कोपरा चाटून गेली. तिसऱ्या बुधवारी सरपंच शालनताई आल्या. ठसठशीत कुंकू, काठपदराची साडी, बोलणं मोजकं. डोकं दुखतंय म्हणाल्या. मी गोळी दिली. तरी उठेनात.

“माझ्या मावसबहिणीचा मालक हाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “रोज संध्याकाळी पितो. भांडत न्हाय, मारत न्हाय, पर पितो. त्याला कसं सांगावं मान्सानं?”

“त्यांना घेऊन या ना इथं,” मी उत्साहानं वही उघडली. “नाव काय त्यांचं?”

शालनताईंनी माझ्याकडे एकदा, व्हॅनवरच्या फलकाकडे एकदा आणि पारावर बसलेल्या साठ-सत्तर लोकांकडे एकदा पाहिलं. “लांब ऱ्हातो तो,” म्हणाल्या आणि गेल्या. मी वहीत लिहिलं, ‘एक चौकशी, बाहेरगावची.’ एवढा शहाणा होतो मी.

चौथ्या बुधवारी डॉक्टर वॉर्डात अडकल्या होत्या. ड्रायव्हर झोपला होता. माझी दाढी चार दिवसांची झाली होती आणि समोरच ग्रामपंचायतीच्या गाळ्यात एक न्हाव्याचं दुकान उघडं होतं. लाल रेक्झीनची खुर्ची, पारा उडालेला आरसा, खुर्चीत कुणी नाही. मी सरळ जाऊन बसलो.

पारावरची बडबड एकदम थांबली. बाजारात कांदे निवडणाऱ्या बाया माना वळवून बघायला लागल्या. मला वाटलं, साहेब गावातल्या साध्या दुकानात बसला याचं कौतुक असावं.

“सायेब, उठा,” मागून आवाज आला. “दाढी घरी करा.”

मुरलीतात्या काशीद. पंचावन्न-छपन्नचे, उंच, कपाळावर बुक्का, अंगात स्वच्छ पांढरी बंडी. मी म्हटलं, “का हो तात्या? दुकान उघडं आहे की.”

तात्यांनी दोन्ही हात माझ्या समोर धरले. ते लटलट कापत होते.

“वरीस झालं, या खुर्चीत कोण बसलं न्हाय,” ते म्हणाले. “केस कापून घेत्यात आजून चार म्हातारी. वस्तऱ्याला कोण गळा देत न्हाय. दुकान उघडतो, आरसा पुसतो, बसतो. संध्याकाळी बंद करतो.”

“किती घेता?”

“आता काय सांगू? इचारायचं आसंल तर, कवा घेत न्हाय ते इचारा. दुकानाच्या येळंला तेवढी शिवत न्हाय.”

दाराशी कुणीतरी मोठ्यानं हसलं. दिनकरअण्णा. शालनताईंचे यजमान, पण गावात सगळे त्यांनाच सरपंच म्हणत, आणि ते कुणाची चूक दुरुस्त करत नसत. पांढरे कडक कपडे, खिशात बडीशेपेची पुडी. चार शब्द बोलले की चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायचे.

“सायेब, तुमच्या औषधाला गुण हाय म्हनं,” अण्णा म्हणाले. “मग ह्याला द्या की! चैतात भैरोबाची यात्रा. पालखीच्या मानकऱ्याची दाढी ह्यांच्याच घरान्यानं करायची, आज्ज्या-पणज्यापासनं हाय. आन मानकरी कोण? आमी! गेल्या यात्रेला मी दाढी वाढवून पालखीपुढं चाललो, सांगा आता. लोक म्हनले, अण्णा बुवा झालं का काय.”

पार खदखदून हसला. तात्याही थोडे हसले, खाली बघून.

“गाळ्याचा करार संपतोय,” अण्णा पुढं म्हणाले. “तालुक्याचा एक पोरगा मागाय लागलाय. फिरती खुर्ची, वाफेचं मशीन, सगळं आणतो म्हणतोय. गावाला न्हावी पायजे का नको?”

मी तात्यांकडे पाहिलं. ते आरसा पुसत होते. मघाशीच पुसलेला आरसा पुन्हा पुसत होते, आणि फडकं हातात थरथरत होतं. आणि चोवीस वर्षांचा माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. भर चौकात भीष्मप्रतिज्ञा.

“तात्या उपचार घेतील,” मी म्हटलं, “आणि दर बुधवारी मी याच खुर्चीत, सगळ्यांसमोर, दाढी करून घेईन. बघा गुण येतो की नाही ते!”

“आसं?” अण्णांनी बडीशेप टाकली. “मग ऐका. यात्रेआधीच्या बुधवारी एक बी कापा न लागता दाढी झाली, तर गाळा तात्याचा. लागला, तर त्या पोराचा. काय तात्या?”

तात्यांनी फडकं खुंटीला लावलं. “सायबाचा गळा हाय,” ते म्हणाले. “त्येंची तयारी आसंल तर माझी हाय.”

संध्याकाळी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तू समुपदेशक आहेस की गिऱ्हाईक?”

“बाई, पहिला रुग्ण मिळाला ना!”

“धनुर्वाताचं इंजेक्शन घे आधी. दरवेळी नवं पातं, तुझ्यासमोर कागदातून काढलेलं. आणि केदार, हात बघून काही ठरवू नकोस. जुना कंप आहे, महिनोन्महिने राहील, कदाचित कायमचा. हात फार फसवतो. म्हणजे असं बघ…”

तेवढ्यात वॉर्डातून हाक आली आणि बाई उठून गेल्या. मीही पुढचं विचारायला गेलो नाही. माझ्या डोक्यात तेव्हा मथळे तयार होत होते.

तात्या आठ दिवस वॉर्डात राहिले. घाम, उलट्या, भिंतीवर मुंग्या दिसणं, सगळं झालं. हिराकाकी, त्यांची बायको, उशाशी बसून होती. घरी परतल्यावर गोळ्यांचा ताबा तिनं घेतला. सकाळ-संध्याकाळ समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची आणि वर जीभ बाहेर काढायला लावायची, गिळली की नाही बघायला.

मग दाढीचे बुधवार सुरू झाले.

पहिल्या बुधवारी पाच कापे. गळ्याला गार पातं लागलं तेव्हा मला माझ्या आईची फार आठवण झाली. पारावरचे लोक दुकानाच्या दाराशी आले होते आणि प्रत्येक काप्याला ‘आऽऽ’ करून ओरडत होते. एकानं कोळशानं भिंतीवर आकडा लिहिला. तात्यांनी तुरटी फिरवली आणि हात जोडले. मी हसून म्हटलं, काही नाही हो, थोडंसंच! आणि व्हॅनमध्ये जाऊन दहा मिनिटं आडवा झालो.

दुसऱ्या बुधवारी चार. तिसऱ्या बुधवारी पुन्हा चार, पण बारीक. चौथ्याला तीन.

गंमत अशी, की या खुर्चीतच माझं काम सुरू झालं. एरवी समुपदेशनाला रुग्ण बसतो आणि आम्ही बोलतो. इथं उलटं. रुग्ण उभा, हातात वस्तरा, आणि समुपदेशकाच्या तोंडाला फेस. बोलायची सोय नाही. आमच्या पुस्तकात लिहिलं होतं, की उत्तम समुपदेशक उत्तम ऐकतो. गळ्यावर पातं असलं की माणूस फारच उत्तम ऐकतो.

तात्या बोलत. हळू, दाढीच्या तालावर. “सकाळी उठलं की पयला इचार तिचाच येतो, सायेब. मान वर करा. मग मी काय करतो, हिरीवर जातो, चार बादल्या काढतो. इचार जात न्हाय, पर हात गुततो. गाल फुगवा. काल म्हेवणा आला व्हता, बाटली घिऊन. हिरानं चपलीनं हाकलला. आता हलू नका, हितं हाड हाय.”

दाराशी उभे असलेले लोक आता कमी ओरडत होते. ऐकत होते. एकदा कुणीतरी मध्येच विचारलं, “तात्या, झोप लागती का रं?” तात्या म्हणाले, “पयलं पंधरा दिस न्हाय. आता लागती.” विचारणारा लगेच म्हणाला, “आपलं सहज इचारलं,” आणि कांद्याचा भाव बघायला निघून गेला.

अण्णा मात्र दर बुधवारी पहिल्या रांगेत. काप्यांचा हिशेब त्यांच्यासारखा कुणी ठेवला नाही. “कानाखाली बगा, कानाखाली! तिथं एक हाय, लपिवतोय!” बडीशेप चघळत मोजायचे. संध्याकाळी पाच वाजले, की रानात पाणी धरायचंय म्हणून निघायचे. मी मनात म्हणायचो, काय कष्टाळू माणूस आहे.

पाचव्या बुधवारी दोन. सहाव्याला दोन. मी वॉर्डाच्या भिंतीवर तक्ता लावला होता, उतरती रेघ लाल पेन्सिलनं. डॉक्टरबाई त्यासमोर उभ्या राहिल्या.

“तू दाढीचा आलेख काढलायस?”

“प्रगती दिसते ना, बाई.”

“तुला दाढी करणाऱ्याची सवय झालीय, गालाला कळतंय कुठं फुगायचं ते. तात्यांचा हात तसाच आहे. मी कालच तपासला.” मग म्हणाल्या, “त्यांच्याशी बोल. त्या गाळ्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलंय.”

बोलतो म्हणालो. बोललो नाही. सातवा, म्हणजे यात्रेआधीचा बुधवार चार दिवसांवर होता आणि जिल्ह्याहून संस्थेचे मोठे साहेब बघायला येणार अशी बातमी होती. ते काही आले नाहीत, पण मी नवा शर्ट शिवून घेतला.

सातव्या बुधवारी बाजार लवकरच ओस पडला, कारण सगळे तात्यांच्या दुकानासमोर होते. लिंबावर पोरं चढली होती. शालनताई ग्रामपंचायतीतून खुर्ची आणवून समोर बसल्या होत्या, मांडीवर कराराचा कागद, हातात पेन. बाजूला अण्णा. हिराकाकी दुकानाच्या मागच्या दारात पदर तोंडाला लावून उभी.

मी खुर्चीत बसलो. तात्यांनी नवं पातं काढलं, मला दाखवलं, वस्तऱ्यात बसवलं. साबण लावला. मी डोळे मिटून पहिल्या झटक्याची वाट बघत राहिलो.

झटका आलाच नाही. वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत सळ्ळकन आला. मग दुसरा गाल. मग गळा. असा हात, अहो, असा हात मी आयुष्यात पुन्हा अनुभवला नाही. अण्णांनी बडीशेप तोंडाशी नेली ती तशीच हातात राहिली.

मला आनंदानं भरून आलं. आणि मग दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, तात्या आज अक्षर बोलले नव्हते. दुसरी, लवंगेचा वास येत होता. तात्या लवंग खात नसत.

प्रशिक्षणाच्या परीक्षेतला प्रश्न क्रमांक नऊ मला तेव्हा, फेसाळ तोंडानं, आठवला. ‘वर्षानुवर्षं पिणाऱ्याचे हात दारू न मिळाल्यास थरथरतात, घेताच स्थिर होतात.’ दोन गुणांचा प्रश्न होता. मला दोन्ही मिळाले होते. आणि मी सात बुधवार गावाला सांगत आलो होतो, की हात थांबला म्हणजे दारू सुटली!

तात्यांनी ओला पंचा फिरवला. आरशात माझं तोंड लखलखीत. एक कापा नाही.

“शून्य!” लिंबावरून पोरं ओरडली. टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी हलगी आणली होती, ती वाजायला लागली. शालनताईंनी पेनाचं टोपण काढलं.

आता हे सांगायलाच हवं. मी गप्प बसलो. मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. म्हटलं, आज गाळा वाचू दे, यात्रा होऊ दे, उद्या बघू. नवा शर्ट होता अंगावर. मी उठायला लागलो, हसतसुद्धा होतो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तात्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. “सायेब, उठू नका.”

ते दाराशी गेले. हात वर केला तशी हलगी थांबली.

“टाळ्या नका वाजवू,” तात्या म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “आज घेतलीया मी.”

मागच्या दारात हिराकाकीनं “आगं आई गं” म्हटलं आणि खालीच बसली.

“पावनेदोन म्हयनं शिवलो न्हवतो. सकाळी उठलो, हात हालत व्हता. मला भ्या वाटलं. वाटलं, गाळा जातोय, बापजाद्याचा मान जातोय. म्हेवण्याकडं गेलो आन दोन घोट मारलं. लगीच ऱ्हायला बगा हात.” त्यांनी दोन्ही हात लोकांसमोर धरले. दगडासारखे स्थिर. “ह्यो हात दारूचा हाय. माझा न्हवं. माझा हात बघायचा आसंल तर परवा या. तो हालतोय.”

मग ते शालनताईंकडे वळले. “ताई, त्यो कागुद ठिवा. माझी लबाडी हाय.”

अण्णा सात आठवडे ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला होता, आणि आता ते आपले जमिनीकडे बघत होते. शालनताईंनी पेनाला टोपण लावलं.

“परवा म्हंजी शुक्रवारी,” त्या म्हणाल्या. “सकाळी इतक्याच वाजता. सायेब, तुमी येताय न्हवं?”

मी मान हलवली. त्या दुपारी तात्यांना घेऊन वॉर्डात गेलो. बाईंनी तपासलं, गोळ्या बदलल्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पडलात, पण दोन घोटांवर उठलात. आजवर कधी दोन घोटांवर थांबला होतात का?” तात्या म्हणाले, “न्हाय बाई. बाटली हिराच्या भावाच्या अंगणात तशीच हाय.” त्यानंतर बाईंनी माझा तक्ता भिंतीवरून काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

मी व्हॅनचा फलकही त्याच संध्याकाळी उतरवला. त्या फलकाखाली, अख्ख्या बाजारासमोर, कोण माई का लाल व्हॅनची पायरी चढणार होता? हे मला इतक्या आठवड्यांत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे शालनताईंनी नुसतं बघून सांगितलं होतं, मला समजलं नव्हतं.

शुक्रवारी बाजार नव्हता, तरी गर्दी बुधवारपेक्षा जास्त. माझा शर्ट जुना. डॉक्टरबाई स्वतः आल्या होत्या, हातात कापूस घेऊन. दाढी दोनच दिवसांची होती, म्हणजे नुसता खरखरीत गाल, पण तात्यांनी साग्रसंगीत साबण लावला.

हात हलत होता. चांगलाच हलत होता. तात्या मात्र बोलत होते. “काल लई वाईट गेला, सायेब. मान वर. हिरा बोलत न्हाय माझ्याशी. गोळी देती, जीभ बघती, पर बोलत न्हाय. गाल फुगवा.”

एक कापा. लोक ‘आऽऽ’ करत ओरडले नाहीत. दुसरा. शेवटी हनुवटीवर पातं घसरलं आणि चांगलं रुतलं. रक्त गळ्यावरून बनियनपर्यंत गेलं. बाई कापूस घेऊन पुढे आल्या. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि शालनताईंकडे पाहिलं.

“तीन,” ते म्हणाले. “तीन लागलं, ताई.”

शालनताई उठल्या. कराराचा कागद तात्यांच्या टेबलावर, तुरटीच्या वाटीशेजारी ठेवला आणि सही केली. उभ्या-उभ्या, एका दमात.

“गाळा तात्यांचा,” त्या गर्दीकडे वळून म्हणाल्या. “बुधवारी मी सही करीत व्हते. तवा त्यांनी मला थांबिवलं. कुणाला कळलं नसतं. ज्याला काप्याचं भ्या वाटतंय, त्यानं आपली दाढी वाढवावी.”

हसण्याचा एकच कल्लोळ उठला. हिराकाकी मागच्या दारात रडत होती, आणि रडता-रडता “आता तरी च्या घ्या” असं तात्यांना म्हणाली. म्हणजे बोलली. दोन दिवसांनी बोलली.

शालनताई मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“आवो, पालखीचं मानकरी तुमीच न्हवं? बसा.”

“मी?” अण्णांचा हात बडीशेपेच्या खिशाकडे गेला. “आत्ता? आगं, यात्रेला आजून…”

“बसा.”

एवढ्या वर्षांत गावानं शालनताईंचा हा आवाज ऐकला नव्हता. अण्णांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पाय काढायला वाट नव्हती. मी खुर्चीतून उठलो आणि हनुवटीला कापूस दाबून बाजूला, अगदी भिंतीला टेकून उभा राहिलो. अण्णा बसले. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

आणि तेव्हा मला दिसलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते, अण्णांच्या रानात पाणी धरायची वेळ पाचला. दांड्यावरची त्यांची बोटं लटलट कापत होती. अगदी तात्यांच्या हातासारखी.

मी वर पाहिलं. शालनताई माझ्याकडेच बघत होत्या. मावसबहीण लांब राहत नव्हती.

तात्यांनी नवं पातं कागदातून काढलं. साबण लावला. दाराशी गर्दीचा गलका चालला होता, कुणी कोळसा शोधत होतं, कुणी आधीचे आकडे पुसत होतं. हलगीवाला हलगी शेकत होता. अण्णांनी डोळे मिटले. फेसातून त्यांचे ओठ हलले. मी भिंतीशी होतो म्हणूनच मला ऐकू आलं.

“तात्या,” अण्णा म्हणाले, “ते आठ दिस… वॉर्डातलं… लई तरास व्हतो का रं?”

तात्यांनी त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली.

“व्हतो,” ते म्हणाले. “लई व्हतो. मी येतो संगं. आता हलू नका, अण्णा.”